न्यूझीलंडमध्ये बालशिक्षक म्हणून यायचंय? आधी क्रम लावून घ्या

न्यूझीलंडला लहान मुलांचे शिक्षक हवे आहेत, हे तुमच्या कानावर आलेलं असतं आणि ते खरंही आहे. म्हणून बहुतेक जण थेट नोकरीच्या जाहिराती बघायला बसतात, दिसेल त्या सेंटरला, म्हणजे बालशिक्षण केंद्राला, बायोडेटा पाठवतात आणि कुणाचंच उत्तर आलं नाही की खट्टू होतात. तुमचा अनुभव कमी पडला असं बहुधा नसतं. सेंटर चालवणारी व्यक्ती बायोडेटात सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधते: टीचिंग काउन्सिलची (शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेची) नोंदणी आहे का, निदान त्यासाठी अर्ज तरी केलाय का. ती दिसली नाही की पुढचं पान उलटत नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवा: पदवी, इंग्रजी, नोंदणी, नोकरी आणि मग व्हिसा. मी याच वाटेने आले आणि आता सेंटरमध्ये नव्याने येणाऱ्यांचे प्रश्न ऐकते. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे. शुल्क आणि व्हिसाचे नियम बदलत राहतात, त्यामुळे आकडे शेवटी सरकारी संकेतस्थळावरच बघा. कामांचा क्रम मात्र फारसा बदलत नाही.

१. तुमची पदवी शिक्षकाची धरली जाईल का, हे आधी बघा

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून जरा थांबून वाचा.

आपल्याकडे बालवाडीच्या बाई व्हायला एक वर्षाचा डिप्लोमा पुरतो. न्यूझीलंडमध्ये बालशिक्षकाचा दर्जा प्राथमिक शिक्षकाच्या बरोबरीचा आहे. त्यासाठी बालशिक्षणातली तीन वर्षांची पदवी लागते, किंवा दुसऱ्या कुठल्याही विषयातली पदवी आणि तिच्यावर एक वर्षाचा ग्रॅज्युएट डिप्लोमा. दोन्हींत प्रत्यक्ष मुलांमध्ये राहून केलेला सराव, म्हणजे प्रॅक्टिकम, हवाच.

तुम्ही यांपैकी कुठे बसता ते बघा.

बालशिक्षणात पूर्ण पदवी आहे आणि अभ्यासक्रमात प्रॅक्टिकम होतं, तर सरळ पदवीच्या मूल्यांकनाकडे वळा. परदेशी पात्रतेची तुलना न्यूझीलंडच्या पातळ्यांशी करण्याचं काम एनझेडक्यूए ही संस्था करते. बॅचलर पदवी तिथे पातळी ७ धरतात. तुमच्या बाबतीत हे मूल्यांकन वेगळं मागवावं लागेल का, हे पैसे भरण्याआधी काउन्सिलकडून विचारून घ्या.

बी.ए. किंवा बी.कॉम. आणि त्यावर माँटेसरीचा वर्षभराचा कोर्स, अशी जोडी असेल तर तो कोर्स शिक्षक-प्रशिक्षण म्हणून मान्य होण्याची आशा धरू नका. तुमचा अनुभव दहा वर्षांचा असला तरी फरक पडत नाही. पण तुमची बी.ए. वाया जात नाही, कारण तिच्या जोरावर न्यूझीलंडमधल्या ग्रॅज्युएट डिप्लोमाला प्रवेश मिळू शकतो. तिथली विद्यापीठं हा कोर्स चालवतात. प्रवेशाआधी मुलाखत होते, भाषा आणि अंकज्ञान तपासतात, पोलिस पडताळणी होते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याची फी स्थानिक विद्यार्थ्याच्या कितीतरी पट असते, तेव्हा घरचं गणित आधी मांडा.

बी.एड. झालेल्यांचं प्रकरण मधलं आहे. बी.एड. हे शिक्षक-प्रशिक्षणच, पण बहुधा माध्यमिकचं. तुमचं प्रशिक्षण कोणत्या वयोगटासाठी होतं, सराव कुठल्या वर्गांवर झाला, हे विचारलं जाणारच. शून्य ते पाच वयाचा काहीच सराव नसेल तर सेंटर तुम्हाला कोणत्या जागेवर घेऊ शकेल, हे आधी स्पष्ट करून घ्या.

इथला मोठा सापळा: पातळी ४ किंवा ५ चे बालसंगोपनाचे कोर्स. "वर्षभर शिका, मग शिक्षक म्हणून तिथेच राहा" असं सांगून ते विकले जातात. हे कोर्स खोटे नसतात. ते केल्यावर सेंटरमध्ये मदतनीसाचं काम मिळू शकतं, पण त्यांच्यावर शिक्षक म्हणून नोंदणी होत नाही. पैसे भरण्याआधी संस्थेला एकच प्रश्न लेखी विचारा: हा कोर्स पूर्ण केल्यावर मी टीचिंग काउन्सिलच्या नोंदणीला पात्र होईन का? उत्तर गोलगोल आलं तर तेच उत्तर समजा.

२. कागद जमवा, आणि नावं एकसारखी करून घ्या

लागतील असे कागद:

- पदवी प्रमाणपत्र आणि सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका
- अभ्यासक्रमाचा तपशील. त्यात प्रॅक्टिकमचे तास, वयोगट आणि ठिकाण
- शिक्षणाचं माध्यम कोणतं होतं याचं संस्थेचं पत्र
- पासपोर्ट आणि जन्माचा दाखला
- नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा
- पोलिस क्लिअरन्स. गेल्या १० वर्षांत ज्या ज्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिलात त्या प्रत्येकाचं
- आधीच्या नोकऱ्यांची पत्रं, त्यात मुलांचं वय आणि तुमचं नेमकं काम
- दुसऱ्या देशात शिक्षक म्हणून नोंदणी असेल तर तिथल्या संस्थेचं चांगल्या वर्तणुकीचं पत्र

यादी साधी दिसते. वेळ खातात त्या दोनच गोष्टी. एक म्हणजे प्रॅक्टिकमचे तास. बऱ्याच महाविद्यालयांनी ते कुठे लिहूनच ठेवलेले नसतात, आणि तुम्हाला शिकवणाऱ्या बाई एव्हाना निवृत्त झालेल्या असतात. हे पत्र नोकरी सोडायच्या आधी, गावात असतानाच मिळवा. परदेशातून फोनवर होणारं हे काम नाही.

दुसरी गोष्ट नावाची. गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव मधे आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, अनुभवाच्या पत्रावर तिसरंच काहीतरी. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण फाइल तपासणाऱ्याला ती दोन-तीन वेगळी माणसं दिसतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि गरज असेल तर प्रतिज्ञापत्र पहिल्यापासून जोडा. मराठीतले दाखले असतील तर भाषांतर मान्य भाषांतरकाराकडूनच करून घ्या. ओळखीतल्या इंग्रजीच्या सरांकडून केलेलं चालत नाही.

३. इंग्रजीची परीक्षा

आयईएल्टीएस देणार असाल तर अ‍ॅकॅडेमिक प्रकार निवडा, जनरल नको. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांचे गुण वेगवेगळे बघितले जातात, त्यामुळे एकूण सरासरी चांगली आली म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. बहुतेकांचं घोडं लेखनात अडतं. निकालाची मुदत मर्यादित असते, म्हणून पदवीचे कागद हातात आले की मगच परीक्षेची तारीख घ्या. विद्यापीठाच्या प्रवेशासाठी, काउन्सिलसाठी आणि व्हिसासाठी लागणारे गुण वेगवेगळे असू शकतात. तिन्ही बघून त्यातला सगळ्यात वरचा आकडा समोर ठेवा.

४. टीचिंग काउन्सिलची नोंदणी

संस्थेचं पूर्ण नाव टीचिंग काउन्सिल ऑफ आओतेआरोआ न्यूझीलंड. इथे दोन गोष्टी मिळवायच्या असतात: शिक्षक म्हणून नोंदणी आणि शिकवण्याचा परवाना, म्हणजे प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट. नवख्या शिक्षकाला सहसा 'तोमुआ' नावाचं सर्टिफिकेट देतात. पुढे मार्गदर्शक शिक्षकाच्या हाताखाली ठरावीक काळ काम करून 'तूतुरू', म्हणजे पूर्ण सर्टिफिकेट मिळतं.

काउन्सिलने २०१७ साली शिक्षकांसाठी आचारसंहिता आणि शिकवण्याची मानकं प्रसिद्ध केली. दोन्ही मिळून छोटीशीच पुस्तिका होते. अर्ज भरायच्या आधी वाचा, कारण मुलाखतीत आणि नंतर सर्टिफिकेट नव्याने घेतानाही तुम्हाला त्याच भाषेत बोलावं लागतं. त्यातलं पहिलंच मानक १८४० च्या वाइतांगी कराराशी असलेल्या बांधिलकीबद्दल आहे. हा करार ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे, प्रमुख यांच्यातला. "हे त्यांच्या इतिहासाचं, माझा काय संबंध" असं मनात आलं तर ते इथेच सोडा. तिथल्या प्रत्येक शिक्षकाचा तो संबंध आहे, कालच विमानातून उतरलेल्याचाही.

अर्जात एखादा कागद कमी असेल तर फाइल तशीच पडून राहते. अर्धा अर्ज घाईने पाठवून रांगेत नंबर लावण्याचा काही फायदा नसतो.

५. नोकरी शोधा, पण सेंटर ओळखून

शिक्षण मंत्रालयाच्या 'एज्युकेशन गॅझेट'मध्ये शिक्षकांच्या जागांच्या जाहिराती येतात. तिथून सुरुवात करा.

सेंटर एकसारखी नसतात. किंडरगार्टन बहुधा असोसिएशनच्या छत्राखाली चालतात, आणि शिकवणारे बहुतेक सगळे पात्र शिक्षक असतात. 'एज्युकेशन अँड केअर' प्रकारची सेंटर दिवसभर उघडी असतात. त्यात मोठ्या कंपन्यांची साखळी सेंटर आली, तशी एकट्यादुकट्या मालकाचीही आली. प्लेसेंटर पालक स्वतः मिळून चालवतात. कोहांगा रेओ ही माओरी भाषेतून चालणारी, १९८२ मध्ये सुरू झालेली चळवळ आहे. परदेशातून येणाऱ्याला व्हिसासह नोकरी मिळते ती बहुतेक वेळा 'एज्युकेशन अँड केअर' प्रकारात, आणि तिथेच दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तो फरक घरबसल्या ओळखायची सोय आहे. एज्युकेशन रिव्ह्यू ऑफिस हे सरकारी खातं सेंटरची तपासणी करून अहवाल प्रसिद्ध करतं. सेंटरचं नाव टाका आणि अहवाल वाचा. शिक्षक सारखे बदलत असतील, नेतृत्व डळमळीत असेल, तर ते सभ्य भाषेत का होईना, लिहिलेलं सापडतं. अहवाल न वाचता मुलाखतीला बसू नका.

मुलांमागे माणसं किती हवीत, हे नियमाने ठरलेलं आहे. दोन वर्षांखालच्या दर ५ मुलांमागे एक मोठं माणूस. दोन वर्षांवरच्या मुलांसाठी दिवसभराच्या सेंटरमध्ये ६ मुलांपर्यंत एक, ७ ते २० मुलांना दोन. ही किमान संख्या आहे. "तुमच्याकडे प्रत्यक्षात किती असतात, आणि कुणी रजेवर गेलं की काय करता?" हा प्रश्न तुम्ही विचारायचा. चांगल्या सेंटरला तो आवडतो.

नोकरी देताना सेंटरला तुमची सुरक्षा-तपासणी करावी लागते. २०१४ च्या चिल्ड्रन्स अ‍ॅक्टनुसार ते बंधनकारक आहे. ओळख, संदर्भ देणारी माणसं, पोलिस पडताळणी आणि मागच्या ५ वर्षांच्या कामाचा हिशेब त्यात येतो. मधली दोन वर्षं मूल लहान म्हणून घरी असाल तर तसंच लिहा. रिकामी जागा ठेवली की शंका येते.

६. मुलाखत: इथे आपला अनुभव आडवा येतो

'ते फारिकी' हा तिथल्या बालशिक्षणाचा अभ्यासक्रम. पहिला १९९६ चा, सुधारित २०१७ चा. तो मोफत मिळतो. त्यात चार तत्त्वं आणि पाच धारा आहेत: स्वास्थ्य, आपलेपणा, योगदान, संवाद आणि शोध. अक्षरं-आकडे कोणत्या महिन्यात शिकवायचे याचं वेळापत्रक त्यात नाही. धडे नाहीत, गृहपाठ नाही, परीक्षा तर नाहीच. मूल खेळतं, तुम्ही बघता, त्याला कशात रस आहे ते ओळखता आणि त्याला पूरक असं काही पुढे ठेवता.

आपल्याकडून येणारी शिक्षिका मुलाखतीत उत्साहाने सांगते की मी नर्सरीच्या मुलांना वर्षात शंभरपर्यंत लिहायला शिकवलं. समोरचे हसून मान डोलावतात आणि तिथेच विषय संपतो. त्याऐवजी एखाद्या मुलाबद्दल सांगा. तो काय करत होता, तुम्हाला त्यात काय दिसलं, मग तुम्ही काय केलंत.

लिहायचंही असंच असतं. प्रगतिपुस्तकाऐवजी तिथे 'लर्निंग स्टोरी' लिहितात. वाइकाटो विद्यापीठातल्या मार्गारेट कार यांनी ही पद्धत घडवली. त्यात मुलालाच उद्देशून लिहिण्याची रीत आहे. उदाहरणार्थ:

"आज तू बादलीतलं पाणी नळीत ओतत होतास. पाणी दुसऱ्या टोकाने बाहेर पडलं तसा तू थांबलास, नळीचं ते टोक उचललंस आणि पुन्हा ओतलंस. आता पाणी येईना. तू माझ्याकडे बघितलंस. मी काहीच बोलले नाही. मग तू टोक हळूहळू खाली आणलंस."

त्यानंतर यात कोणतं शिकणं दिसलं आणि उद्या काय करून बघू, याच्या चार ओळी. मुलाखतीआधी अशा दोन-तीन गोष्टी इंग्रजीत लिहून बघा, मुलांची नावं वगळून. मुलाखत घेणाऱ्याने नमुना मागितला तर तुमचं पारडं एकदम जड होतं.

हमखास येणारे प्रश्न: एक मूल दुसऱ्याला चावलं तर? आई म्हणते आता लिहायला शिकवा, तर? दोन शिक्षकांचं पटत नाही, तर? तीनही उत्तरांत "आधी ऐकून घेईन" यायला हवं, आणि पहिल्या प्रश्नात चावणाऱ्या मुलाला शिक्षा कधीही सांगू नका. मुलावर हात उगारणं, त्याला ओरडून कोपऱ्यात उभं करणं याला तिथे अजिबात थारा नाही. गमतीतही बोलू नका.

७. ऑफर लेटर आणि करार

सही करण्याआधी पाच गोष्टी लेखी घ्या. पगाराची नेमकी पायरी. सेंटर सरकारच्या पे पॅरिटी, म्हणजे पगार-समानतेच्या, योजनेत आहे का (सहभाग ऐच्छिक असतो). आठवड्याचे हमीचे तास. लिखाणासाठी मुलांपासून वेगळा वेळ किती. आणि तुमचा मेंटर, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, कोण. शेवटची गोष्ट लोक विसरतात. तोमुआवरून तूतुरूवर जायला मेंटर लागतोच, आणि "बघू नंतर" म्हणणाऱ्या सेंटरमध्ये तो नंतरही मिळत नाही.

वर्षाला चार आठवड्यांची पगारी रजा हा कायद्याने मिळणारा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नाही. अ‍ॅक्रेडिटेड एम्प्लॉयर वर्क व्हिसावर (सरकारमान्य मालकाकडच्या नोकरीचा व्हिसा) येणाऱ्याच्या करारात ९० दिवसांची चाचणी-मुदत घालता येत नाही. ती दिसली तर काढायला सांगा.

८. व्हिसा आणि एजंट

मालक सरकारमान्य, म्हणजे अ‍ॅक्रेडिटेड असावा लागतो. बालशिक्षकाचा व्यवसाय ग्रीन लिस्टमध्ये, म्हणजे माणसांची टंचाई असलेल्या व्यवसायांच्या सरकारी यादीत, आहे, त्यामुळे पुढे कायम निवासाचा मार्गही आहे, पण त्याची किल्ली पुन्हा काउन्सिलची नोंदणीच. वैद्यकीय तपासणी इमिग्रेशन खात्याने ठरवून दिलेल्या डॉक्टरकडेच करा.

नोकरी देण्याबद्दल मालकाने किंवा त्याच्या माणसाने तुमच्याकडून पैसे घेणं न्यूझीलंडच्या कायद्यात बसत नाही. "तिकडे सगळे देतात" म्हणून कुणी रक्कम मागितली तर ती नोकरी सोडा. व्हिसाचा सल्ला पैसे घेऊन देणाऱ्याला परवाना लागतो, मग त्याचं ऑफिस कुठल्याही देशात असो. परवानाधारकांची यादी ऑनलाइन बघता येते. नाव टाकायला दोन मिनिटं लागतात.

९. पहिले काही महिने

आल्या आल्या बँक खातं आणि आयआरडी, म्हणजे करखात्याचा, क्रमांक. आयआरडी क्रमांक नसेल तर पगारातून जास्त दराने कर कापतात. भाड्याच्या घराचं डिपॉझिट चार आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते घरमालकाकडे न राहता सरकारी खात्याकडे जमा व्हायला हवं.

कामावर काय वेगळं वाटेल? मुलं तुम्हाला नावाने हाक मारतील, टीचर म्हणणार नाहीत. पावसात, चिखलात खेळतील. तुम्ही रेनकोट घालून त्यांच्याबरोबर बाहेर. डायपर बदलणं हे आयाचं काम नाही, पदवीधर शिक्षकाचंच, आणि तोही मुलाशी बोलण्याचा वेळ धरला जातो. झोपलेल्या मुलांवर दर ५ ते १० मिनिटांनी नजर टाकून नोंद करायची. सफरचंद, गाजर कच्चं तसंच कापून द्यायचं नाही, घशात अडकू नये म्हणून किसून किंवा शिजवून. भूकंप आणि आगीची रंगीत तालीम ठरलेली. मुलं साधारण पाचव्या वाढदिवसाला शाळेत जातात, त्यामुळे वर्षभर कुणी ना कुणी निघत असतं आणि नवं येत असतं. आपल्यासारखी जूनची एकगठ्ठा भरती नाही.

माओरी शब्द रोज कानावर पडतात. शिक्षकाला 'काइआको', कुटुंबाला 'फानाउ', गाण्याला 'वाइआता', जेवणाआधी म्हणतात त्या प्रार्थनेला 'कराकिआ'. येण्याआधी दोन सोपी गाणी आणि स्वतःची ओळख करून देण्याची माओरी रीत शिकून घ्या. उच्चार चुकला तरी चालतो, तोंड मिटून उभं राहिलेलं खटकतं.

आणि मेंटरबरोबरच्या प्रत्येक बैठकीची नोंद तारखेसह ठेवा: काय बोललो, तुम्ही काय बदललंत, मुलांमध्ये काय दिसलं. पूर्ण सर्टिफिकेटच्या वेळी हीच वही कामाला येते. सेंटर बदललंत तर निघण्याआधी जुन्या मेंटरची सही त्यावर घ्या, कारण नंतर त्या शिक्षकाचाच पत्ता बदललेला असतो.